नऊवारीवर मांडला इतिहास

या वेळेला तुमच्यातल्या कुणाच्या हाताला पीठ असेल, कुणी धार काढून आत्ताच घरात आली असेल. हातातलं काम चालू ठेवा आणि कान तेवढे इकडे द्या. मागच्या वेळी आपण गटाच्या हिशेबाच्या वहीबद्दल बोललो होतो. आज मुलांच्या वहीबद्दल बोलू.

आमच्या गावात तीन बचत गट आहेत. महिन्याच्या बैठकीत हप्ते, व्याज, थकबाकी झाली की शेवटी घरच्या गोष्टी निघतात. अशाच एका बैठकीत एकीने सांगितलं, "माझा पोरगा चौथीत आहे. इतिहासाचा धडा घडाघडा म्हणून दाखवतो. काल सहज विचारलं, शिवाजी महाराज आधी झाले की गांधीजी? तर माझ्याच तोंडाकडे बघायला लागला." सगळ्याजणी हसल्या. मग घरी जाऊन प्रत्येकीने आपापल्या मुलांना विचारलं, आणि पुढच्या बैठकीत कुणी हसलं नाही.

गणित-इंग्रजीसाठी आपण पोटाला चिमटा घेऊन शिकवणी लावतो. इतिहास आणि मराठी मात्र 'पाठ करायचे विषय' म्हणून सोडून देतो. तेव्हा आम्ही ठरवलं, की आठवड्यातून दोन संध्याकाळी समाजमंदिरात मुलांना बसवायचं. आमच्यातल्या दोघी बी.ए. झालेल्या, बऱ्याचशा चौथी-सातवीपर्यंत शिकलेल्या, आणि तिघीजणी शाळेची पायरी न चढलेल्या. शिकवायला आम्ही काही डी.एड. नाही. म्हणून 'शिकवायचं' नाही, 'खेळायचं' असं ठरलं. गेल्या दोन वर्षांत जे खेळ जमले आणि जिथे आम्ही चुकलो, ते दोन्ही आज सांगणार आहोत. तुमच्या गावात करता येईल, वर्गात गुरुजींना-बाईंना करता येईल, आणि घरात दोनच मुलं असली तरी करता येईल.

आधी थोडी तयारी

सामान विकत आणू नका. आमची सगळी कार्डं जुन्या लग्नपत्रिकांची आहेत. पत्रिकेचा जाड कागद, मागची बाजू कोरी. लग्नसराई संपली की घरोघर फिरून गोळा करायच्या. खडू, सुतळी, टाचण्या, दोन-चार जुनी पुस्तकं, बस्स.

दुसरं, शाळेतल्या बाईंना आधी भेटा. कोणता धडा चालू आहे ते विचारा. आपण शाळेच्या विरोधात काही करत नाही, तिला जोड देतो, हे त्यांना कळलं की त्या स्वतःहून मदत करतात. बालभारतीची पुस्तकं मोबाईलवर मोफत उतरवून घेता येतात, त्यामुळे पुस्तक नाही ही अडचण राहत नाही.

तिसरं, आणि हे फार महत्त्वाचं: कुठल्याही खेळात कुणाला 'बाद' करायचं नाही. सुरुवातीला आम्ही उत्तर चुकलं की मुलाला बाजूला बसवायचो. थोड्या दिवसांनी लक्षात आलं, की दर वेळी तीच चार मुलं भिंतीला टेकून बसलेली असतात. ज्यांना खेळाची सगळ्यात जास्त गरज, तीच पाच मिनिटांत बाहेर! आता चुकलं तर दुसरी खूण देतो आणि पुन्हा संधी देतो.

चौथं, जोड्या लावा. सराईत वाचणारं एक मूल आणि अडखळणारं एक. चिठ्ठी वाचायची एकाने, ती कुठे लावायची ते ठरवायचं दुसऱ्याने. म्हणजे वाचता येत नाही म्हणून कुणी मागे राहत नाही.

नऊवारीची कालरेषा

आता आमचा सगळ्यात लाडका खेळ. मुलांना सनावळ्या पाठ असतात, पण दोन सनांमधलं अंतर डोळ्यांसमोर येत नाही. १६७४ काय आणि १९४७ काय, दोन्ही 'फार पूर्वी'. हे अंतर दाखवायला आम्ही नऊवारी लुगडं वापरतो.

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. एक वर्ष म्हणजे एक सेंटिमीटर धरायचं. शंभर वर्षांचा एक मीटर झाला. म्हणजे एका लुगड्यावर आठशे वर्षं मावतात! लुगडं लांबट घडी घालून समाजमंदिरात पसरायचं. एका टोकाला 'आज' लिहायचं आणि दर मीटरला खडूची खूण करायची. मग मुलांच्या हातात चिठ्ठ्या द्यायच्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक घटना आणि तिचं साल. मुलांनी टेपने मोजून चिठ्ठी टाचणीने लावायची.

आमच्या चिठ्ठ्या अशा होत्या: ज्ञानेश्वरी १२९०, शिवराज्याभिषेक १६७४, पानिपतची लढाई १७६१, पेशवाईचा शेवट १८१८, फुल्यांची मुलींची शाळा १८४८, बोरीबंदर ते ठाणे रेल्वे १८५३, सत्यशोधक समाज १८७३, महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७, चले जाव १९४२, स्वातंत्र्य १९४७, संविधान लागू झालं १९५०, महाराष्ट्र राज्य १९६०.

चिठ्ठ्या लागल्या की मुलांना चालायला सांगायचं. 'आज'पासून निघून स्वातंत्र्यापर्यंत यायला मुलांचं दीड-दोन पावलाचंच काम. मुलं चकित होतात: "एवढंच?" राज्याभिषेकापर्यंत साडेतीन मीटर. ज्ञानेश्वरी पार पलीकडच्या टोकाजवळ. ज्या मुलाला महाराज आधी की गांधीजी हे सांगता आलं नव्हतं, त्याने ते अंतर पायांनी मोजलं. आता तो विसरणार नाही.

मग प्रत्येकाने स्वतःच्या जन्माची चिठ्ठी लावायची. दहा वर्षांच्या मुलाचं आयुष्य म्हणजे दहा सेंटिमीटर, एक वीतसुद्धा नाही! त्यानंतर आईची चिठ्ठी, मग आजीची. आजीपाशी खरी मजा आली.

आमच्या गटातल्या एका मावशींना स्वतःचं जन्मसाल माहीत नव्हतं. आपल्याकडे बऱ्याच आजींच्या आधार कार्डावर १ जानेवारी हीच जन्मतारीख असते, तशी त्यांचीही. मुलांनी विचारलं, "तुम्हाला लहानपणीचं काय आठवतं?" त्या म्हणाल्या, "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी परकर नेसत होते. दहा-अकरा वर्षांची असेन. गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली होती." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. मुलांनी वजाबाकी केली आणि १९५६-५७ च्या जागी मावशींची चिठ्ठी लावली. मावशी बराच वेळ तिथे उभ्या होत्या. म्हणाल्या, "म्हंजे मी महाराष्ट्राच्या आधीची आहे की!"

आणि एका सहावीतल्या मुलीने सगळं लुगडं फिरून झाल्यावर विचारलं, "ताई, यात बायका कुठं आहेत?" आम्ही मोजलं. बारा चिठ्ठ्यांत बाई एकच, सावित्रीबाई, तीही 'फुल्यांची शाळा' या शब्दांच्या आत. लुगडं बाईचं, आणि लुगड्यावर बाई नाही! चिठ्ठ्या आम्हीच लिहिल्या होत्या. मान खाली घालायची वेळ आली.

पुढच्या वेळी मुलांनीच शोधून भर घातली. ज्ञानेश्वरांच्या काळातल्या जनाबाई. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीने आपल्या समाजाच्या दुःखावर लिहिलेला निबंध. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी लिहिलेलं 'स्त्री-पुरुष तुलना'. १९३४ पासून भागाभागाने छापून आलेली लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १९५२ साली पुस्तकरूपाने आलेली बहिणाबाईंची गाणी. आणि १९९३ साली ग्रामपंचायतीत बायकांना मिळालेल्या एक तृतीयांश जागा. शेवटची चिठ्ठी लावताना आमच्या माजी सरपंच काकू म्हणाल्या, "ही चिठ्ठी माझी." हा प्रश्न तुमच्या मुलीने विचारायची वाट बघू नका. चिठ्ठ्या लिहितानाच तो स्वतःला विचारा.

पेटीतला पुरावा

इतिहास म्हणजे पुस्तकात छापलेलं, एवढंच मुलांना वाटतं. पण तो छापणाऱ्याला कळला कुठून? पुराव्यावरून. हे समजावायला प्रत्येक मुलाने घरातली एक जुनी वस्तू आणायची. तांब्याचा हंडा, पितळी डबा, जुनं रेशनकार्ड, सातबाऱ्याचा उतारा, लग्नातला फोटो, जात्याचा खुंटा, काहीही चालेल.

वस्तू मधे ठेवायची आणि तीन प्रश्न विचारायचे. ही वस्तू काय सांगते? काय सांगत नाही? आणि ते कळायला आणखी कुणाला विचारावं लागेल?

आपल्या भांड्यांवर नावं घातलेली असतात ना? तो तर घरातला शिलालेखच! एका मुलीने हंडा आणला. आजी म्हणाली, "हा दुष्काळाच्या आधीचा, माझ्या लग्नातला." मुलांनी चिंच लावून हंडा घासला आणि काठावरची अक्षरं वाचली. देणाऱ्या मामाचं नाव होतं आणि साल होतं १९७८. दुष्काळ तर १९७२ चा. मग आजी खोटं बोलली का? मुळीच नाही. आजीने दोन हंडे एकमेकांत मिसळले होते. लग्नातला हंडा नंतर मोडीत गेला होता, हे तिला बोलता बोलता आठवलं.

यातून मुलांना मोठी गोष्ट कळली. आठवण खरी असते, पण ती सरकते. कोरलेलं अक्षर सरकत नाही, पण ते सगळं सांगत नाही. मामाने हंडा का दिला, कुठल्या परिस्थितीत दिला, हे हंड्यावर नाही, आजीच्या तोंडी आहे. म्हणून दोन्ही लागतात.

आम्ही भिंतीवर तीन रकाने आखलेत: पुरावा, आठवण, गोष्ट. कुठलीही माहिती आली की मुलांनी ती कुठल्या रकान्यात जाईल ते ठरवायचं. हिरकणीचंच घ्या. रायगडावर हिरकणी बुरूज आहे, तो डोळ्यांनी बघता येतो. बाळासाठी रात्री कडा उतरलेली हिरकणी मात्र लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आणलेली गोष्ट आहे. मुलांनी विचारलं, "मग ती खोटी?" आम्ही म्हणालो, खोटी म्हणून फेकायची नाही आणि पुरावा म्हणून छातीठोकपणे सांगायचीही नाही. लोकांना ती पुन्हा पुन्हा का सांगावीशी वाटली, याचा विचार करायचा. हे तीन रकाने मुलांना मोबाईलवर येणाऱ्या निरोपांनाही उपयोगी पडतात. परवाच एकाने घरी आलेला निरोप वाचून वडिलांना सांगितलं, "बाबा, ही गोष्ट आहे, पुरावा नाही. पुढं पाठवू नका."

आजीची मुलाखत

तिसरा खेळ म्हणजे मुलाखत. माईकच्या जागी लाटणं धरायचं. आमच्या मुलांना रेडिओची सवय असल्याने त्यांना हे फार आवडतं. विषय एकच ठेवायचा. आम्ही १९७२ चा दुष्काळ घेतला.

प्रश्न आधी बसून तयार करायचे. "दुष्काळ कसा होता?" असा मोघम प्रश्न विचारला की "लई वाईट होता बाबा" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी बारीक प्रश्न विचारायचे. सकाळी काय खाल्लं? पाणी कुठून आणलं? जनावरांचं काय केलं? कामावर कोण कोण गेलं? मजुरी कुणाच्या हातात पडली?

उत्तरं ऐकून आम्हीच थक्क झालो. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, तिच्या न थापल्या जाणाऱ्या भाकरी, वाटली जाणारी सुकडी, उन्हात खडी फोडताना हाताला आलेले फोड. एक आजी म्हणाल्या, "गावाच्या वरचा पाझर तलाव आहे ना, त्याची माती ह्या डोक्यानं वाहिली." ज्या तलावात मुलं पोहायला जातात, तो आपल्या आजीने बांधलाय हे त्यांना पहिल्यांदा कळलं!

मुलाखतीनंतर पुस्तकाकडे यायचं. त्या दुष्काळातल्या कामांच्या अनुभवातून आपल्या राज्यात रोजगार हमी योजना मोठी झाली. वि. स. पागे यांनी ती पुढे आणली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. 'मागेल त्याला काम' हा पुस्तकातला शब्द मग कोरडा राहत नाही. त्याच्यामागे आजीचे हात दिसतात.

दोन आजींच्या उत्तरांत फरक पडेल. एक म्हणेल मजुरी वेळेवर मिळाली, दुसरी म्हणेल पंधरा-पंधरा दिवस थांबावं लागलं. तिथे "खरं कुणाचं?" असा निकाल लावू नका. दोघी एकाच कामावर होत्या का, एकाच महिन्यात होत्या का, हे मुलांना विचारायला लावा. एक सूचना मात्र पाळा. आजीला सांगायचं नसेल ते उकरून काढायचं नाही. कुणाचं मूल त्या काळात गेलेलं असतं, कुणाचं घर मोडलेलं असतं. आजी गप्प झाली की माईक खाली ठेवायचा आणि पाण्याचा तांब्या पुढे करायचा, हे आम्ही मुलांना आधीच शिकवतो.

दिवाळीचा किल्ला

चौथीच्या मुलांना शिवछत्रपतींचा इतिहास असतो, आणि दिवाळीत आपली मुलं मातीचे किल्ले करतात. म्हणजे अर्धा खेळ तयारच असतो. फक्त चित्रं मांडून, मावळे उभे करून थांबायचं नाही. किल्ला झाला की मुलांना विचारायचं: गडावर दोनशे माणसं राहणार, पाणी कुठून आणाल? खडकात टाकी खोदावी लागतील. मग खोदताना निघालेला दगड कुठे जाईल? तटाला! दरवाजा समोरून दिसेल असा ठेवाल का? मग शत्रूला सरळ तोफ डागता येईल. म्हणून तर रायगडासारख्या गडांचे दरवाजे दोन बुरुजांच्या आड लपवलेले असतात. एका मुलाने आपला दरवाजा मोडून पुन्हा आडोशाला बांधला, तेव्हा आम्हाला वाटलं, धडा आता डोक्यात उतरला. आणि पाण्याचा प्रश्न काढला की मुली सगळ्यात पुढे असतात, कारण हंडा डोक्यावर घेऊन चढ चढणं म्हणजे काय, हे त्यांना माहीत असतं.

मराठीचे खेळ

आता भाषेकडे वळू. पहिला खेळ पट्ट्यांचा. धड्यातली गोष्ट आठ-दहा वाक्यांत लिहायची, एकेक वाक्य वेगळं कापायचं आणि जोड्यांना द्यायचं. मुलांनी हातात पट्टी धरून गोष्टीच्या क्रमाने ओळीत उभं राहायचं. 'म्हणून', 'तरीही', 'तेवढ्यात' असले शब्द किती कामाचे असतात, ते इथे कळतं.

दुसरा म्हणींचा मूकाभिनय. एकाने न बोलता म्हण करून दाखवायची, बाकीच्यांनी ओळखायची. 'नाचता येईना अंगण वाकडं' तर हसून हसून पुरेवाट होते. पण ओळखल्यावर एक अट आहे: ती म्हण आपल्या गावातल्या कुठल्या प्रसंगाला लागू पडेल ते सांगायचं. माणसाचं नाव घ्यायचं नाही, प्रसंगच सांगायचा. नाहीतर संध्याकाळी घरोघर भांडणं!

तिसरा रेषेवर उभं राहण्याचा. अंगणात सुतळी आखायची. धड्यातल्या पात्राबद्दल एक वाक्य म्हणायचं, उदाहरणार्थ "त्याने घर सोडलं ते बरोबर केलं." पटतं त्यांनी एका बाजूला, पटत नाही त्यांनी दुसऱ्या बाजूला उभं राहायचं. मग एकेकाने कारण सांगायचं, पण कारण धड्यातलंच हवं. दुसऱ्याचं ऐकून मत बदललं तर सुतळी ओलांडायची मुभा. मत बदलणाऱ्याला आम्ही टाळ्या वाजवतो. आमच्या ग्रामसभेतही अशी एक सुतळी आखावी असं कधी कधी वाटतं!

चौथा खेळ अर्ध्या ओवीचा. शाळेची पायरी न चढलेल्या आमच्या तिघी इथे शिक्षिका होतात. जात्यावरच्या ओव्या त्यांना तोंडपाठ. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी त्यांची गाणी आज पाठ्यपुस्तकात आहेत. मुलाने, सोपानदेवांनी, ती उतरून घेतली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. हे सांगितल्यावर मुलं आजीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात. आपल्या घरातली ओवी कुणी उतरून घेतली आहे का, हा प्रश्न पडतो.

खेळ असा: आजीने पहिली ओळ म्हणायची आणि थांबायचं. मुलांनी दुसरी ओळ स्वतःची जोडायची, चाल आणि यमक सांभाळून. मग आजीने मूळची ओळ म्हणायची. एके दिवशी मुलांनीच पुरी ओवी केली:

जातं गेलं माळ्यावरी, गिरणीला लागे रांग
माझ्या आजीच्या ओवीला, कोण चाल देतं सांग

आजीने ती लगेच चालीवर म्हणून दाखवली. यमक म्हणजे काय, हे त्या दिवसानंतर आम्हाला फळ्यावर लिहावं लागलं नाही.

आमची एक चूक

आता चुकीबद्दल. ही सांगायला अवघड आहे, पण सांगितली पाहिजे, कारण असे खेळ बऱ्याच ठिकाणी होतात.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. आम्ही नाटुकलं बसवलं. सावित्रीबाई शाळेत निघाल्यात आणि रस्त्यातले लोक शेण-चिखल फेकताहेत. कागदाचे बोळे फेकायचे ठरलं. सावित्रीबाईंचं काम एका हुशार, धीट मुलीला दिलं. तालमीत पोरांना फेकण्यातच मजा वाटू लागली. बोळे संपले तरी थांबेनात. कुणीतरी ओल्या मातीचा गोळा मारला. सगळे हसले, आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्याही दोघी-तिघी हसल्या. दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

तिची आई आमच्याच गटात आहे. त्यांचं घर गावाच्या कडेच्या वस्तीत. बैठकीत ती शांतपणे म्हणाली, "ताई, तुम्ही खेळ म्हणता. पण माती पडली ती माझ्या पोरीच्या अंगावर. असली माती आमच्या अंगावर पडायला नाटक लागत नाही."

आम्ही तिच्या घरी गेलो, मुलीची आणि आईची माफी मागितली. नंतर बसून विचार केला की चुकलं कुठे. इतिहासातला अपमान पुन्हा करून दाखवायचा म्हटला की अपमान करणाऱ्याची मजा होते आणि सोसणाऱ्याला तो पुन्हा सोसावा लागतो. शिवाय सोसणाऱ्याचं काम आपण कुणाला देतो, यातही आपल्या गावाची सवय गुपचूप डोकावते.

तेव्हापासून आमचा नियम आहे. मारहाण, अस्पृश्यता, बाईचा अपमान, दंगल, यातलं काहीही अभिनय करून दाखवायचं नाही. प्रसंग वाचून दाखवायचा आणि अपमानाच्या आधीच थांबायचं. मग प्रत्येकाने चिठ्ठी लिहायची, 'बघणाऱ्याची चिठ्ठी'. त्या रस्त्यावर कोण कोण असेल? खिडकीतून बघणारी सून, दुकानदार, शाळेत वाट बघणारी मुलगी. त्यातलं कुणीतरी होऊन लिहायचं. मी काय पाहिलं, मी काय केलं, आणि काय करायला हवं होतं.

ती मुलगी पंधरा दिवसांनी परत आली. तिनेही चिठ्ठी लिहिली. सावित्रीबाई शाळेत जाताना एक जादा लुगडं बरोबर नेत, अशी आठवण सांगितली जाते. ती त्या लुगड्याच्या वतीने लिहिली होती: "मी पिशवीतलं लुगडं आहे. शाळेत पोचल्यावर बाई मला नेसतात. मी कोरडं आहे. ज्या दिवशी मला घरीच ठेवून बाई निघतील, त्या दिवशी मला बरं वाटेल." ती चिठ्ठी आम्ही कालरेषेवर १८४८ च्या जागी टाचली आहे. ज्या मुलाने मातीचा गोळा मारला होता, त्यानेच ती सगळ्यांना वाचून दाखवली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

खेळानंतरची दहा मिनिटं

शेवटी एक सांगतो. खेळ संपला म्हणजे शिकणं संपलं, असं नाही. दर वेळी शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. मुलांनी पुस्तक उघडून त्या खेळातला धडा वाचायचा आणि वहीत तीन ओळी लिहायच्या: आज नवीन काय कळलं, काय पटलं नाही, पुढच्या वेळी काय विचारायचं. ही दहा मिनिटं आम्ही सुरुवातीला टाळायचो, आणि मग मुलांना खेळ आठवायचा, धडा आठवायचा नाही. परीक्षा पुस्तकावर असते हे विसरून चालणार नाही.

एका वेळी एकच खेळ घ्या, अर्ध्या-पाऊण तासाचा. पंचवीसपेक्षा जास्त मुलं असतील तर दोन गट करा. आणि आयांना, आज्यांना बोलवा. आमच्या शाळा न शिकलेल्या तिघींपैकी एक मावशी आता चिठ्ठ्यांवरचे आकडे वाचतात. कोयनेच्या सालापासून सुरुवात केली त्यांनी. गेल्या महिन्यात गटाच्या वहीत अंगठ्याच्या जागी सही केली. अक्षरं जरा तिरकी आली, पण आहेत.

तर मैत्रिणींनो, या रविवारी पेटीच्या तळातली जुनी नऊवारी काढा. धुवून, झटकून अंगणात पसरा. एका टोकाला 'आज' लिहा आणि मुलांना विचारा, यात आपली आजी कुठे बसते?

तुमच्या गावात कुठला खेळ जमला, कुठे अडलं, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी पुन्हा भेटू. तोवर नमस्कार!